रोग न लागणारी हरळी: कोणत्या रोगाला, हे आधी विचारा

इंदुरातल्या आमच्या कॉलनीच्या बागेत दोन तऱ्हेचं गवत आहे. मधल्या चौकात तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून आणून लावलेलं बारीक पानांचं, गालिच्यासारखं दाट लॉन. आणि मागच्या कुंपणालगत, पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंत, कोणी कधी लावली ते कोणालाच आठवत नाही अशी जुनी हरळी. गणपतीच्या दिवसांत शेजारच्या काकू दूर्वा खुडायला त्या कुंपणाकडेच जातात. मधलं गवत दिसायला देखणं असलं तरी हव्या तशा तीन पात्यांच्या दूर्वा त्यांना तिथे मिळत नाहीत.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या आसपास मधला चौक बसला. आधी वाळल्या गवताच्या रंगाचे गोल ठिपके दिसले, प्रत्येक ठिपका जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा थोडा मोठा. आठ-दहा दिवसांत ते एकमेकांत मिसळले आणि चौकाचा निम्मा भाग पिवळट झाला. कुंपणाकडच्या हरळीवर मात्र तुरळक डाग, बाकी सगळी हिरवी. हे गवत घेताना दुकानदारानं सांगितलं होतं, ‘इसमें बीमारी लगती ही नहीं.’ मी तेव्हा बागेच्या समितीत होते. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवूनही ‘कोणती बीमारी?’ एवढा एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. बंगल्यापुढे, शाळेच्या मैदानावर किंवा सोसायटीत लॉन लावण्याच्या विचारात जे असतील, त्यांनी पैसे देण्यापूर्वी तो विचारावा असं मला मनापासून वाटतं.

आमच्या चौकातला रोग ओळखायला अवघड नव्हता. सूर्य वर येण्याआधी गेलं की दवानं भिजलेल्या ठिपक्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसायचे. उन्हं आली की ते नाहीसे. पातं हातात घेतलं तर मधे फिकट आणि कडेला तपकिरी अशी आडवी पट्टी. जगभर या रोगाला ‘डॉलर स्पॉट’ म्हणतात, कारण अमेरिकेतल्या जुन्या चांदीच्या डॉलरएवढे डाग पडतात. तो एका बुरशीमुळे होतो. दिवसा ऊब, रात्री गारवा, पानांवर तासन्‌तास दव आणि जमिनीत नत्राची उपासमार, एवढं मिळालं की ती फोफावते. इंदूरचा सप्टेंबर आणि वर्षभर खत न घातलेलं आमचं लॉन, दोन्ही तिला आयतंच मिळालं.

कोणताही रोग व्हायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात: बळी पडू शकणारं झाड, रोग घडवणारा जीव आणि त्या जीवाला मानवणारी हवा. यातली एक काढून घेतली की रोग होत नाही. बुरशीनाशक फवारणारा माणूस दुसऱ्या गोष्टीवर घाव घालतो, पाणी सकाळी द्या म्हणणारा तिसऱ्या गोष्टीवर. वाण तयार करणारा शास्त्रज्ञ पहिल्या गोष्टीवर काम करतो. त्याचं काम सगळ्यात संथ असतं, पण जमलं तर सगळ्यात स्वस्त पडतं, कारण मग दर पावसाळ्यात फवाऱ्याचा खर्च उरत नाही.

झाड रोगाला अडवतं म्हणजे काय करतं, हे समजायला इंदूरकरांना गव्हाकडे पाहणं सोपं जाईल. माळव्याचा कठिया गहू आपण बाटी-लाडूसाठी खातो. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं गव्हाचं प्रादेशिक केंद्र इथेच आहे, आणि नावात ‘एचआय’ ही अक्षरं असलेले गहू, म्हणजे एचआय ८७५९ ऊर्फ पूसा तेजससारखी वाणं, इथून बाहेर पडलेली आहेत. या केंद्रातल्या कामाचा मोठा भाग म्हणजे तांबेऱ्याशी, पानांवर गंजासारखे ठिपके आणणाऱ्या बुरशीशी, झुंज. १९४६-४७ साली मध्य भारतात गव्हावर तांबेऱ्याची मोठी साथ आली होती.

तांबेऱ्याचा बीजाणू पानावर पडतो, रुजतो आणि आत शिरू पाहतो. प्रतिकारक्षम झाडात त्याची चाहूल घेणारं एखादं जनुक असतं. चाहूल लागताच बुरशी जिथे शिरली तिथल्या पेशी स्वतःहून मरतात. तांबेरा फक्त जिवंत पेशींवर जगू शकतो, त्यामुळे मेलेल्या पेशींच्या त्या टिकलीत तो उपाशी मरतो. १९४०च्या दशकात वनस्पतिरोगांचे अभ्यासक हॅरल्ड फ्लोर यांनी जवस आणि जवसाचा तांबेरा यांवर प्रयोग करून दाखवलं की झाडाच्या अशा एकेका जनुकाला बुरशीतलं एकेक जनुक जोडीचं असतं. झाडाचा पहारेकरी बुरशीचा एकच चेहरा ओळखतो. तो चेहरा समोर आला तर दार बंद. चेहरा बदलून आली तर पहारेकरी जागा असूनही तिला वाट देतो.

हे नुसतं पुस्तकात राहिलेलं नाही. राय या धान्यातून गव्हात आणलेलं एसआर-३१ नावाचं जनुक काळ्या तांबेऱ्याला जगभर वर्षानुवर्षं अडवत होतं, आणि असंख्य वाणांची भिस्त त्याच्यावर होती. १९९८ साली युगांडात त्याला चकवणारा तांबेरा सापडला. तोच पुढे ‘यूजी-९९’ नावानं ओळखला गेला.

दुसऱ्या प्रकारचा प्रतिकार कमी नाट्यमय असतो. त्यात एक पहारेकरी नसतो, पाच-पंचवीस छोट्या कड्या असतात. पानावर मेणाचा थर थोडा जाड, बीजाणू रुजायला थोडा उशीर, डाग वाढायला थोडा जास्त वेळ, डागातून नवे बीजाणू थोडे कमी. अशा झाडाला रोग होतो, पण रेंगाळत होतो आणि साथ पेटत नाही. हा प्रतिकार एका रात्रीत मोडत नाही, कारण बुरशीला सगळ्या कड्या एकदम काढता येत नाहीत. गवताच्या बाबतीत हाती येतो तो बहुधा हाच. डॉलर स्पॉटला पूर्ण अभेद्य गवत मला माहीत नाही. कमी पडणारं आणि जास्त पडणारं असा फरक असतो, आणि तो फरक मोठा असू शकतो.

तिसरा शब्द सहनशील. सहनशील गवताला रोग इतरांइतकाच होतो, पण ते लवकर सावरतं. हरळी या बाबतीत फार दमदार आहे. जमिनीवर धावती खोडं, जमिनीखाली आणखी खोडं, पेऱ्यापेऱ्याला मूळ. ‘हरळीच्या मुळीसारखा वंश वाढो’ हा आशीर्वाद देणाऱ्या बायकांनी ती नक्कीच खुरपून पाहिलेली असणार! पानं गेली तरी मुळ्या सलामत असतात. म्हणून दुकानदार ‘बीमारी लगती नहीं’ म्हणतो तेव्हा तो अनेकदा ‘लागली तरी पुन्हा फुटतं’ एवढंच सांगत असतो. दोन्हींत फरक आहे, आणि तो चौक पिवळा पडल्यावर कळतो.

आता हरळीचं वाण कसं बनतं ते पाहू, कारण आमच्या चौकाचं कोडं तिथेच सुटतं.

आपली देशी हरळी म्हणजे दूब, दूर्वा, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. तिच्या पेशीत साधारण ३६ गुणसूत्रं असतात. दक्षिण आफ्रिकेत तिची एक बारीक, नाजूक पानांची बहीण आढळते, तिच्यात १८. दोघींचा संकर झाला की पिल्लाला आईकडून १८ आणि बापाकडून ९ अशी २७ गुणसूत्रं मिळतात. सत्तावीसच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून त्याला बी धरत नाही. आई भक्कम, बाप रेशमी, आणि पिल्लू दोन्ही गुणांचं पण वांझ. लॉनच्या दृष्टीनं हे वरदानच, कारण फुलोऱ्यातून बी पडून भेसळ होत नाही आणि गवत वर्षानुवर्षं एकसारखं राहतं.

या कामातलं सगळ्यात मोठं नाव ग्लेन बर्टन. १९३६पासून ते अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या प्रयोग केंद्रावर होते. गावाच्या नावातलं ‘टिफ’ त्यांच्या गवतांना लागलं. १९५६ साली टिफग्रीन आलं. त्याची आई एका गोल्फ क्लबच्या जुन्या हिरवळीवर सापडलेली हरळी होती, आणि बाप आफ्रिकेचा. १९६० साली टिफवे आलं, ज्याला ४१९ असंही म्हणतात. त्याची गोष्ट मला विशेष आवडते. जोहान्सबर्गहून आफ्रिकी गवताच्या बियांचं पाकीट आलं होतं. त्यातून उगवलेलं एक रोप भावंडांपेक्षा वेगळं दिसलं. कोणीही न घडवलेला, वाऱ्यानं जमवलेला संकर होता तो. ज्यानं ते रोप उपटून फेकलं नाही, त्या नजरेला माझा नमस्कार. आज उष्ण देशांतल्या किती मैदानांवर ते पसरलं आहे त्याची गणती नाही.

पुढे टिफग्रीन लावलेल्या हिरवळींवर इथे तिथे अधिक ठेंगणे पुंजके दिसले. आपोआप झालेलं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांतला बदल. ते वेगळं काढून १९६५ साली टिफड्वार्फ झालं. पुढे गॅमा किरण देऊन टिफईगल मिळालं. बी नसलेल्या गवतात बदल घडवायचा तर नशीब नाही तर किरण, एवढेच दोन जुने रस्ते.

आता अडचण पाहा. बी नाही म्हणजे लागण कांड्यांनीच करायची. कांडी म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. एका चौकात लावलेल्या लाखो कांड्या मोजायला लाख, पण झाड एकच. त्या एका झाडाला ज्या रोगाची नस सापडली, त्याला सगळा चौक सापडला. आमच्या मधल्या लॉनचं हेच झालं. बुरशीला पहिल्या पात्यावर जे जमलं, ते पुढच्या प्रत्येक पात्यावर जमत गेलं.

कुंपणाकडची हरळी उलट स्वभावाची आहे. देशी हरळी स्वतःच्या परागानं सहसा बी धरत नाही, तिला परक्या झाडाचा पराग लागतो. म्हणून बियांतून आलेलं प्रत्येक रोप वेगळं. जुन्या हरळीच्या एका हातभर पट्ट्यातही अनेक वेगळी झाडं एकमेकांत गुंतलेली असू शकतात. एक बळी पडलं तर शेजारचं टिकतं, मोकळी जागा तेच भरून काढतं आणि डाग आपल्याला दिसतही नाही. कुंपणाकडे सकाळचं ऊन आधी येतं आणि दव लवकर सुकतं हेही कारण आहे, सगळं श्रेय मी वाणाला देणार नाही. पण निम्म्याहून जास्त देईन.

एकाच आईवर सगळी भिस्त ठेवल्यावर काय होतं, ते महाराष्ट्रातल्या, गुजरातेतल्या जुन्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. आणि यात पुन्हा बर्टनच येतात. गवताइतकंच त्यांचं बाजरीवर काम होतं. टिफ्टनला त्यांनी बाजरीची ‘टिफ्ट २३ए’ नावाची ओळ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकसारखा राहणारा वंश, तयार केली. तिच्या फुलात पराग तयार होत नाही, त्यामुळे संकरासाठी ती आयती मादी. ती भारतात आली आणि १९६५ साली लुधियान्यात देशातली पहिली संकरित बाजरी, एचबी-१, तयार झाली. पाठोपाठ एचबी-२, ३, ४. नर बदलत गेले, मादी तीच राहिली. उत्पन्न असं वाढलं की कोरडवाहू शेतकऱ्यानं दुसऱ्या बाजरीकडे पाहणंच सोडलं.

मग १९७०च्या दशकात गोसावी हा रोग आला. बाजरीचं कणीस दाण्याऐवजी हिरव्या पानांच्या जटांनी भरतं, म्हणून हे नाव. काही जण त्याला केवडा म्हणतात. आमच्या एका खानदेशातल्या नातेवाइकांच्या घरी हे सांगताना आजोबांचा हात कणसासारखा वर व्हायचा आणि बोटं पसरायची. पूर्वीच्या मिसळ बाजरीत गोसावी होताच, पण तुरळक. आता रानोमाळ एकाच आईची लेकरं उभी होती आणि त्या आईला गोसावी झेपत नव्हता. पीक झोपलं. पुढे भारतीय शास्त्रज्ञांनी त्याच टिफ्ट २३एला गॅमा किरण देऊन गोसावीपुढे टिकणारी मादी काढली, इतर मूळ असलेल्या माद्या शोधल्या आणि बाजरी सावरली. बर्टन यांचा यात दोष नाही. त्यांनी एक उत्तम ओळ दिली. सगळ्या रानात तीच पेरायची हा निर्णय कोणा एकाचा नव्हता, एकेका शेतकऱ्यानं चांगलं बी निवडलं आणि सगळ्यांचं मिळून ते घडलं.

बाजरीचं शेत दर वर्षी नांगरलं जातं, बी बदलता येतं. लॉन दहा-वीस वर्षं तिथेच राहतं. म्हणून गवतात ही चूक जास्त महाग पडते.

परदेशातल्या गवतांनी हा धडा आणखी तऱ्हांनी गिरवला आहे. मेरियन नावाचं एक ब्लूग्रास पेनसिल्व्हेनियातल्या एका गोल्फ मैदानावर १९३६ साली सापडलं. पानांवर ठिपके आणणाऱ्या एका रोगानं तेव्हा आजूबाजूचं सगळं गवत विरळ केलं होतं, हा एक पुंजका मात्र दाट. १९४७ साली ते वाण म्हणून बाहेर आलं आणि अंगणोअंगणी गेलं. काही वर्षांतच लक्षात आलं की ठिपक्यांना न जुमानणारं हे गवत तांबेरा, काणी आणि भुरी यांच्यापुढे लोटांगण घालतं. म्हणजे ते रोगप्रतिकारक होतं का? होतं, एका रोगाला.

फ्लोरिडातलं फ्लोरटॅम त्याहून बोलकं. जाड पानांचं हे गवत १९७३ साली आलं तेव्हा त्यात दोन गुण होते: त्या काळी गाजणाऱ्या एका विषाणूला प्रतिकार, आणि रस शोषणाऱ्या एका ढेकणासारख्या किडीला प्रतिकार. किडीनं बारा-पंधरा वर्षांत वाट शोधली. त्या विषाणूला असलेला प्रतिकार चांगला चालला, पण २०१३-१४च्या सुमाराला उसावरच्या मोझॅक विषाणूनं फ्लोरटॅमची अंगणं सरसकट मारायला सुरुवात केली. लावताना ज्या शत्रूचं नावही कोणी घेतलं नव्हतं, त्यानं गाठलं.

तिसरं उदाहरण भाताचं गाव माहीत असणाऱ्यांना जवळचं वाटेल. भातावर करपा आणणाऱ्या बुरशीचीच एक शाखा १९९०च्या दशकात अमेरिकेत राय गवतावर (हे लॉनचं गवत, राय धान्याहून वेगळं) उतरली आणि मैदानं महिन्याभरात साफ झाली. तिथल्या विद्यापीठांनी जगभरातून गोळा केलेल्या रोपांतून करप्याला तोंड देणारी झाडं शोधली आणि दहाएक वर्षांत नवी वाणं दिली. हे इतक्या लवकर जमलं ते आधीपासून जपून ठेवलेल्या वेगवेगळ्या गवतांच्या साठ्यामुळे.

हा साठा येतो कुठून? जुन्या हिरवळींतून. न्यू जर्सीतल्या रट्गर्स विद्यापीठाचे रीड फंक वर्षानुवर्षं बागा, स्मशानं, जुनी मैदानं पायी तुडवत तग धरून राहिलेले पुंजके गोळा करत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातल्या पुंजक्यांपासून त्यांनी मॅनहॅटन हे राय गवत तयार केलं, ते १९६७ साली आलं. जिथे पन्नास वर्षं कोणी औषध फवारलं नाही, खत घातलं नाही, रोज हजार पावलं पडली, तिथे जे हिरवं राहिलं त्याची परीक्षा निसर्गानं आधीच घेतलेली असते.

गोळा केल्यावरचं काम दयामाया न ठेवता करायचं. रोपं एका वाफ्यात लावायची, बुरशीनाशकाला हात लावायचा नाही, उलट प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी त्यांच्यावर शिंपडायची, रात्रभर धुक्याचे फवारे सोडून पानं ओली ठेवायची. हजारो रोपांतली बहुतेक पडतात. उरलेली एकमेकांशेजारी लावून त्यांचा पराग एकमेकांवर पडू द्यायचा, त्यांचं बी पेरून पुन्हा तोच छळ. प्रत्येक फेरीत छोट्या छोट्या कड्या एकत्र येत जातात. बी न धरणाऱ्या संकरित हरळीत ही फेरी आई-बापांच्या पातळीवर करावी लागते, म्हणून तिला आणखी वेळ लागतो.

शेवटी वाणांची परीक्षा अनेक गावी. अमेरिकेत १९८०पासून यासाठी राष्ट्रीय चाचणी चालते. वेगवेगळ्या हवामानात तीच वाणं लावतात आणि १ ते ९ गुण देतात, ९ म्हणजे रोग नाही. हे तक्ते इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात, आणि आपल्याकडचे हौशी लोक ते पाहून मागणीही करतात. तक्ता वाचताना दोन गोष्टी सांभाळा. एक, तळाशी एक आकडा दिलेला असतो, त्याहून कमी फरक असेल तर ती दोन वाणं सारखीच समजायची. ७.१ आणि ६.८ यांत निवड करण्यात अर्थ नसतो. दोन, चाचणी कुठे झाली ते पाहा. थंड प्रदेशातल्या ब्लूग्रास-राय यांचे ९ गुण इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, शून्य होतात. ती गवतं आपली नव्हेतच.

मग आपल्याकडे काय निवडायचं? खरं सांगायचं तर आपल्या नर्सरीत मिळणारी नावं म्हणजे ‘सिलेक्शन वन’, ‘मेक्सिकन’, ‘कोरियन कार्पेट’, ‘पास्पलम’. ही बहुतेक वेळा दुकानातली नावं असतात. त्याच नावाखाली दोन नर्सऱ्या दोन वेगळी गवतं देतात. म्हणून नावापेक्षा गट ओळखा. ऊन भरपूर आणि पायांची वर्दळ असेल तर हरळीचा गट, तिला सावली अजिबात सोसत नाही. सावलीत लावलेली हरळी आधी विरळ होते आणि मग ठिपक्यांना बळी पडते. आपण रोगाला दोष देतो, पण चूक गुलमोहराखाली लावण्याची असते. झोयसिया म्हणजे कोरियनचा गट हळू वाढतो, अर्धी सावली चालवून घेतो, तण दाबतो, पण गारव्याच्या दिवसांत ओल साचली तर त्यावर मोठे गोल चट्टे पडतात. पास्पलमला खारं पाणी चालतं, बोअरचं पाणी जड असलेल्यांना ते उपयोगी, मात्र डॉलर स्पॉट त्याला सहज होतो. आमच्याकडे रोग पाहूनच पुन्हा पास्पलम लावायचा प्रस्ताव आला होता. मी हात जोडले.

काळ्या मातीबद्दल एक गोष्ट. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते, मुळं गुदमरतात आणि मूळकुजीला रान मोकळं होतं. कोणतंही वाण याला उत्तर नाही. चौकाला थोडा उतार आणि वरच्या थरात वाळू, हा खर्च वाणाच्या आधीचा आहे.

आणि कांड्या घेताना त्यांचं आरोग्य पाहा. आपल्याकडे हरळीची पाती कधी कधी दुधासारखी पांढरी, आखूड आणि झुपकेदार होतात. काळ्या मातीत चुना जास्त असला की लोह न मिळाल्यानंही पानं पिवळट होतात, म्हणून माळी लोह फवारतो. लोहाची कमतरता असेल तर आठवड्याभरात हिरवेपणा परततो. नाही परतला आणि पाती पांढरीच राहिली, तर तो फायटोप्लाझ्मा, झाडाच्या रसवाहिन्यांत राहणारा अतिसूक्ष्म जीव. त्याला फवारा चालत नाही. तो कांड्यांबरोबर गावोगाव जातो. नर्सरीच्या मूळ वाफ्यात असा एक जरी पांढरा झुपका दिसला तरी तिथून गवत घेऊ नका, मग वाणाचं नाव कितीही मोठं असो.

खताचं गणित रोगागणिक उलटतं. नत्र कमी पडलं की डॉलर स्पॉट आणि तांबेरा वाढतो. पावसाळ्यात नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि सडवणाऱ्या बुरशा चढतात. याच इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी पाचट, शेण आणि माती यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत बसवली. ती आजही जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. हॉवर्ड मुळात गव्हाची वाणं काढणारे. रोग हा शेतीतल्या चुकीकडे बोट दाखवतो, असं ते मानत. सगळ्याच रोगांना हे लागू होत नाही, पण उपाशी लॉनवरच्या डॉलर स्पॉटला शब्दशः लागू होतं. आमच्या चौकात ऑक्टोबरात कुजलेलं खत चाळून पसरलं, पाणी संध्याकाळऐवजी पहाटे द्यायला लागलो, आणि निम्मा पिवळेपणा वाण न बदलता गेला.

उरलेल्या निम्म्यासाठी मी आणि आमचे माळीदादा एक प्रयोग करतो आहोत. कुंपणाच्या पट्ट्यातून चार-चार पावलांवर एकेक कांडी काढून बारा कुंड्यांत लावली, प्रत्येकीवर नंबर. पुढे मधल्या चौकातली रोगट कातरण त्यांच्यावर पसरली आणि आठ रात्री वर प्लास्टिक झाकून ओल राखली. नऊ कुंड्यांवर डाग आले. चार, सात आणि अकरा नंबरवर फार थोडे. काकूंना मी सात नंबर दाखवली तर त्या म्हणाल्या, ‘ही टाकीजवळची. मी दूर्वा तिथल्याच घेते.’

एकेका कुंडीवरून ठरवणं बरोबर नाही, योगायोगही असू शकतो. म्हणून त्या तिघींच्या प्रत्येकी चार कुंड्या केल्या आहेत आणि तुलनेसाठी चार कुंड्या मधल्या गवताच्या. यंदा भाद्रपदात दव पडायला लागलं की पुन्हा कातरण पसरायची. तोवर मधल्या चौकात नवं काही लावायचं नाही असं समितीनं ठरवलं आहे. लावायचं ठरलं तर तिन्ही मिसळून लावू, पाती थोडी उंच-ठेंगणी दिसली तरी चालेल.